देखाव्यात परत आलेलं विमान

माझ्या थोरल्या नणंदेला घरात सगळे आक्का म्हणतात, म्हणून मीही आक्काच म्हणते. त्यांना कबनूरला दिलेलं. त्यांचे मालक, म्हणजे आमचे दाजी, यंत्रमागाचे जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचा, नवा आला की जोडून सुरू करून द्यायचा, हे जॉबरचं काम. कबनूरला मागांचा खडखडाट इतका की बोलायचं तर ओरडावं लागतं. दाजींना ओरडायचा कंटाळा, त्यामुळं त्यांनी बोलणंच कमी करून टाकलेलं. सुट्टीला आमच्याकडं कोल्हापूरला आले की बाहेरच्या सोप्यात बसून पेपर वाचायचे, जेवायचे, आणि निघताना मला म्हणायचे, "बरं झालतं कालवण." एवढंच. पण ते ऐकायला मी हातातलं काम टाकून दारापर्यंत जायची.

त्यांना मूलबाळ झालं नाही. घरात आक्का, दाजी आणि दाजींची आई, अशी तिघंच. आक्का सासूला आत्ती म्हणायच्या, म्हणून आमच्याही तोंडात आत्तीच बसलं.

दाजी ज्या मालकाकडं होते त्यानं आपले जुने माग परदेशातल्या एका गिरणीला विकले. तिथं जाऊन ते जोडून द्यायला आणि तिथल्या कामगारांना शिकवायला माणूस हवा होता. दाजींचं नाव निघालं. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी पहिल्यांदा पासपोर्ट काढला. मुंबईपर्यंत माझा नवरा सोडायला गेला होता. वाटेत एका देशात विमान बदलायचं होतं, तिथून दाजींनी आक्कांना फोन केला. इथं चहा मोठ्या पेल्यात देतात पण त्याला चव नाही, आणि गारठा फार आहे, असं काहीतरी बोलले. दुसऱ्या विमानाची हाक आली म्हणून फोन ठेवला.

ते दुसरं विमान उडालं आणि समुद्रावर कुठंतरी दिसेनासं झालं.

आमचं शाहूपुरीत मशिनरीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. बेअरिंग, पट्टे, असलं सामान. दुकानातल्या छोट्या टीव्हीवर नवऱ्यानं सकाळी बातमी बघितली, पण तिचा आपल्याशी काही संबंध असेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाशी तो थोडा वेळ त्यावर बोललासुद्धा, एवढं मोठं विमान असं जातं कुठं म्हणून. मग पडद्यावर कुठून कुठं निघालं होतं ते आलं. त्यानं मला फोन केला आणि एवढंच विचारलं, "दाजी कुठल्या विमानानं पुढं गेले, तुला ठाऊक हाय?"

आम्ही कबनूरला पोचलो तेव्हा घर भरलेलं होतं. शेजारच्या कारखान्यानं दुःखात सामील म्हणून माग बंद ठेवले होते. माझ्या लग्नापासून मी त्या घरात येत-जात होते, पण त्या आळीत अशी शांतता कधी ऐकली नव्हती. त्यामुळं झालं असं की एरवी खडखडाटात बुडून गेलं असतं ते सगळं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं. कुणी म्हणत होतं इंधन संपलं असेल, कुणी म्हणत होतं पळवून नेलं असेल. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि जो बोलेल त्याच्याकडं बघत होत्या.

टीव्हीवर सारखा एक शब्द येत होता, बेपत्ता. आत्तींनी तो धरला. येईल त्याला सांगायला लागल्या, "बेपत्ता म्हंजे पत्ता सापडंना, एवढंच की. माणूस गेलं असं कोण म्हणतंय?"

आठवडा होत आला तेव्हा मी आणि आक्का परसात भांडी घासत होतो. आक्का खाली मान घालून म्हणाल्या, "वहिनी, ते गेलेत." मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी राखेचा हात वर करून थांबवलं. "मला कळतंय. पण हितं म्हणायची सोय न्हाय."

सोय नव्हतीच. आदल्या दिवशी त्यांनी आत्तींजवळ नुसता विषय काढला होता, की गुरुजींना विचारावं का काय करायचं असतं. आत्ती म्हणाल्या, "माझ्या पोराला जित्ता जाळाय निघालीस व्हय?" बसलेल्या सगळ्या बायकांनी आत्तींचीच बाजू घेतली. बाई गं, इतकी घाई कशाला, अजून शोध चाललाय. त्यानंतर आक्का रडल्या की कुणीतरी म्हणायचं, रडू नको, अपशकुन होतो. नवरा गेलेल्या बाईला रडू नको म्हणतात ते समजुतीला. इथं ते ताकीद दिल्यासारखं होतं.

थोडा बदल म्हणून आम्ही त्यांना कोल्हापूरला घेऊन आलो. आत्ती यायला तयार झाल्या नाहीत. त्यांनी शेजारणीला सांगून ठेवलं होतं, रोज सकाळी ती दाजींचा नंबर लावून द्यायची. नंबर लागत नसला तरी फोनमधून एक बाई काहीतरी बोलते, ते आत्ती शेवटपर्यंत ऐकायच्या. मोबाईल अजून वाजतोय अशी एक अफवा फिरत होती, ती त्यांच्यापर्यंत पोचली होती.

कोल्हापुरात येऊन आक्कांना निवांतपणा मिळेल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. बातमीतल्या विमानातल्या माणसाची बायको आपल्या गल्लीत आली आहे, हे कळल्यावर माणसं यायला लागली. मी आजही म्हणेन की वाईट हेतूनं कुणी आलं नाही. दुःखाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून प्रत्येकानं काहीतरी आणलं. कुणी आणलं की वैमानिकाचं घरी भांडण होतं. कुणी आणलं की एका बेटावर लष्कराची लपवलेली धावपट्टी आहे, माणसं तिथं ठेवली आहेत, खाऊ-पिऊ घालतात. मलकापूरहून आमचे एक लांबचे पाहुणे मुद्दाम एसटीनं आले आणि दाजींची जन्मवेळ मागायला लागले. त्यांच्या ओळखीच्या देवऋषानं सांगितलं होतं, माणूस पाण्याजवळ आहे, पण पाण्यात नाही. आक्कांनी त्यांना चहा केला, पोहे केले. जाताना ते म्हणाले, "धीर सोडू नका पावणं, माणूस येणार की." आक्का हो म्हणाल्या.

दुकानातही तेच. बेअरिंग घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बेअरिंग हातात फिरवत विचारायचं, काय कळलं का? आणि न कळलेलं स्वतःच सांगायचं. नवऱ्याला आधी त्याचा आधार वाटायचा. लोक आपल्या माणसाचा एवढा विचार करताहेत, असं तो मला सांगायचा. संध्याकाळी घरी आला की दिवसभरात ऐकलेलं तो जेवताना काढायचा. माझ्या सांगण्यावरून त्यानं ते बंद केलं, पण तोवर आक्कांचं बरंच ऐकून झालं होतं.

मग एक बोलणं असं आलं की दाजी त्या विमानात बसलेच नाहीत. तिकडंच उतरले, तिकडं त्यांचं दुसरं घर असणार, नाहीतरी पोटी काही नव्हतं. ज्यानं हे काढलं त्यानं दाजींना कधी बघितलंही नव्हतं. ते आमच्या दारातून आत आलं कसं मला माहीत नाही, पण आक्कांच्या कानावर गेलं. मी घाबरले. वाटलं, आता या कोलमडणार. त्या दुपारी गहू निवडत बसल्या होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, "तसं असतं तर बरं झालं असतं की वहिनी. कुठंतरी जेवत तरी असते."

मीही सुपात हात घातला आणि खडे शोधायला लागले.

गणपती जवळ आले. आमच्या गल्लीचं मंडळ दरवर्षी सजीव देखावा करतं. गल्लीतलीच माणसं सोंगं घेऊन मंडपात उभी राहतात, मागून आधीच भरून ठेवलेला आवाज लावतात आणि त्याप्रमाणं ती हालतात, वावरतात. सबंध शहर फिरून देखावे बघतं, आणि त्या वर्षी शहराच्या तोंडात एकच विषय होता. मंडळानं ठरवलं, विमानाचा देखावा करायचा. पण आमचं घर गल्लीतच, म्हणून मंडळाचे दोघेतिघे आधी परवानगी मागायला आले. खुर्च्या दिल्या तरी बसले नाहीत, उभेच राहिले.

नवऱ्यानं आक्कांना विचारलं. मला वाटलं होतं त्या नको म्हणतील. त्यांनी जरा विचार केला आणि बाहेर येऊन त्या पोरांशी स्वतः बोलल्या. "करा. पण शेवट करू नका. जेवढं ठावं हाय तेवढंच दावा."

पोरांनी मान डोलावली. आणि सुरुवातीला खरोखर तसंच केलं. मंडळाचे सगळे देखावे आमच्या गल्लीतला एक मुसलमान पेंटर करतो. त्यानं प्लायवूडचं अर्धं विमान केलं होतं, खिडक्यांत दिवे लागायचे. घरची माणसं निरोप देतात, विमान वर जातं, धूर होतो, दिवे विझतात, आणि घरची माणसं वर बघत उभी राहतात. तिथंच पडदा. मी गच्चीतून बघितलं होतं. साधं होतं.

पण लोकांना ते चाललं नाही. पडदा पडल्यावर माणसं जागची हलायची नाहीत. पुढं काय, म्हणून विचारायची. मग हळूहळू शिट्ट्या यायला लागल्या. पलीकडच्या पेठेतल्या देखाव्याला गर्दी आणि आमच्याकडं लोक अर्ध्यातून निघून जायला लागले. मंडळाची बैठक झाली. नवरा तिथं होता. त्यानं आक्कांचं म्हणणं सांगितलं. त्यावर एकजण म्हणाला, आपण वाईट शेवट थोडाच करणार आहोत, चांगलाच करू की. देवाच्या दारात चांगलं दाखवलं तर चांगलं होईल. घरी येऊन त्यानं मला सांगितलं. आक्कांना सांगायचं का, यावर आम्ही दोघं स्वयंपाकघरात कुजबुजत राहिलो आणि शेवटी सांगितलं नाही. त्या तशाही मंडपाकडं जात नव्हत्या.

नवा शेवट असा होता. धूर होतो, अंधार होतो, मग आवाज येतो की भक्तांनो, मी विघ्नहर्ता आहे. विमान लखलखत परत येतं, दार उघडतं आणि एकेक माणूस उतरतो. पहिला उतरायचा तो गल्लीतला एक रिक्षावाला, खांद्याला बॅग, मिशा, पांढरा शर्ट. दाजींसारखा दिसावा म्हणून त्याला कुणी नटवलं होतं की योगायोग होता, हे मी अजून विचारलेलं नाही. त्यानंतर गर्दी इतकी झाली की रस्त्याला दोर बांधावे लागले.

गौरी-गणपतीला आत्ती आमच्याकडं आल्या. एकट्या राहून कंटाळल्या होत्या, आणि देखाव्याचं त्यांना कबनूरमध्येच कुणीतरी सांगितलं होतं. मला दाखवा म्हणाल्या. नवरा टाळत होता, पण म्हाताऱ्या माणसाला किती वेळ टाळणार? आरतीनंतर तो त्यांना घेऊन गेला. मीही गेले. आक्का घरी राहिल्या.

मंडळातल्या पोरांनी त्यांना पुढं खुर्ची दिली. विमान गेलं तेव्हा आत्ती पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. दिवे लागले, दार उघडलं, तो रिक्षावाला बाहेर आला. आत्ती खुर्चीवरून उठल्या. मला वाटलं त्यांना बसवत नाही म्हणून उठल्या. त्या दोराखालून वाकून सरळ मंडपात गेल्या, त्याच्या समोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात त्याच्या गालावरून फिरवून आपल्या कानशिलावर कडाकड बोटं मोडली. तो पोरगा काय करणार? त्यानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

लोक रडले. टाळ्या वाजवल्या. कितीतरी फोन वर झाले होते.

आत्तींना भ्रम झाला होता असं नाही. परत खुर्चीवर बसल्यावर त्या मला म्हणाल्या, रिक्षावाला पोरगा हाय तो, मला ठावं हाय. पण मग म्हणाल्या, "देवानं दावलं की गं. देव खोटं कशाला दावंल?"

तो व्हिडिओ आम्ही घरी पोचायच्या आत आक्कांच्या फोनवर पोचला होता. कुणी पाठवला ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही आत आलो तेव्हा त्या पाट मांडत होत्या. आत्तींना जेवायला वाढलं, त्या सांगत होत्या ते सगळं ऐकलं. आत्ती झोपायला गेल्यावर आक्का आपल्या भावाला म्हणाल्या, "शेवट करू नका म्हटलं होतं की मी."

नवरा म्हणाला, चांगलाच केला, आक्का. लोकांना आवडला.

"व्हय. आता आत्तींना घेऊन मला त्या शेवटात राहायचं हाय."

दुसऱ्या दिवशी त्या आत्तींना घेऊन कबनूरला परत गेल्या. घराला कुलूप नको, पोरगं आलं आणि दार बंद दिसलं तर, असं आत्ती म्हणत होत्या. त्यानंतर त्या घराला कुलूप म्हणून लागलं नाही. एखाद्या लग्नालाही दोघी मिळून कधी आल्या नाहीत. एकीनं घरी थांबायचं. आक्का कुंकू लावत होत्या, मंगळसूत्र घालत होत्या, वटपौर्णिमेला वडाला जात होत्या. जिला घरात बसून रडायचं होतं ती बाई दर वर्षी नटून बाहेर पडत होती. हळदीकुंकवाला गेल्या की बायका आधी थबकायच्या आणि मग लावायच्या. ते थबकणं मी बघितलं आहे.

मध्ये एकदा लांबच्या कुठल्यातरी किनाऱ्यावर विमानाचा एक तुकडा वाहून आला. टीव्हीला पुन्हा उधाण आलं. मला वाटलं, आता तरी आत्तींचं मन मानेल. त्या म्हणाल्या, तुकडा सापडला, माणूस कुठं सापडलं? त्यांच्या बाजूनं बोलणारी माणसं अजून भरपूर होती. तुकडा मुद्दाम टाकलाय, असंही एकानं आम्हाला दुकानात येऊन पटवून दिलं.

परवाच्या हिवाळ्यात आत्ती गेल्या. आजारी अशा फार नव्हत्या, थकत गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांनी दाजींचं नाव घेतलं का, असं मला पुष्कळांनी विचारलं. घेतलं असेल. मी तिथं होते तेव्हा तरी त्या फक्त पाणी मागत होत्या आणि आक्का चमच्यानं पाजत होत्या.

दहाव्याला आक्कांनी गुरुजींना सांगितलं, दोघांचं एकदमच करा. भावकीत कुरकुर झाली, पण या वेळी त्या ऐकेनात. गुरुजींनी दर्भाचा पुतळा करून दाजींचे संस्कार केले आणि पंचगंगेच्या काठावर दोन पिंड ठेवले. आत्तींच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. दाजींच्या पिंडाकडं एकही फिरकेना. ऊन चढलं तरी नाही. मागं उभ्या असलेल्या माणसांत सुरू झालं, बघा, म्हातारी बरोबर म्हणत होती, माणूस जिवंत हाय. कुणीतरी फोन काढला. आक्कांनी ते ऐकलं. त्या गुरुजींच्या जवळ गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दर्भाचा कावळा करा आणि शिववा. आता वाट बघायची न्हाय." गुरुजींनी तसं केलं. संध्याकाळपर्यंत ती कावळ्याची गोष्ट आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आली होती, खाली हात जोडल्याची चित्रं.

आमच्याकडं दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. पाहुणे, शेजारी जेवण घेऊन जातात, त्याला कडू घास म्हणतात. आत्ती गेल्या त्या दिवशी मी पिठलं-भाकरी घेऊन गेले होते, शेजारणींनीही आणलं होतं. आक्का जेवायला बसल्या. बायका वाढत होत्या, कुणी पाठीवरून हात फिरवत होतं, कुणी काही बोलत नव्हतं. अर्धी भाकरी झाल्यावर आक्कांना रडू फुटलं. आम्ही रडू दिलं. पुष्कळ वेळानं डोळे पुसून त्या मला म्हणाल्या, "आज पहिल्यांदा कुणी मला काय विचारलं न्हाय वहिनी. कुणी काय सांगितलं बी न्हाय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दाजी गेले तेव्हा आम्ही कुणीच कडू घास नेला नव्हता. कसा नेणार? आमच्या मते कुणी गेलंच नव्हतं. चहा-पोहे आक्काच करत होत्या, येणाऱ्यांसाठी.

आता आमच्याकडच्या गावांतून कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची चाल मोडत चालली आहे. आक्कांना कुणी काही काढायला लावलं नाही. मंगळसूत्र त्यांनी स्वतः काढून ठेवलं, टिकली लावतात. एका कापड तपासणीच्या खात्यात कामाला जातात. जाताना घराला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचतात.

विमानाचा शोध पुन्हा सुरू करणार आहेत, अशी बातमी मध्यंतरी आली होती. नवरा आता दुकानात तो विषय निघाला की उठून गोदामात जातो. मी मात्र आक्कांना फोन केला, त्यांनी ऐकलंय का ते बघायला. ऐकलं होतं. शोधू देत म्हणाल्या, ज्यांना पाहिजे त्यांना. मग विचारलं, रविवारी येताय का, वांगी चांगली आलीत बाजारात. मी येते म्हटलं.